दिगूच्या माळ्यावरचा सर्व्हर

"दिग्या, हल ना रे! लटकला, लटकला तुझा सर्व्हर!" दुबईहून सुन्या हेडफोन फाटेल इतक्या जोरानं बोंबलत होता आणि डोंबिवलीत बसून मी त्याच्यावर आवाज चढवत होतो. रविवारची दुपार. पडद्यावरच्या खेळात विहिरीच्या काठाला दिगूचा शिपाई बंदूक खांद्याला लावून उभा, पुतळ्यासारखा. कित्येक वर्षं न अडखळलेला दिगंबर सावंताचा सर्व्हर अखेर अडखळला, या आनंदात आम्ही अख्ख्या चाळीनं त्याला अशा शिव्या घातल्या की शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो थेट कच्छला परत गेले असतील. "भोंगा लावलास काय रे पुन्हा?" हा माझा टोमणा. आमचे स्वतःचे शिपाई झकास पळतायत, म्हणजे सर्व्हर शाबूत आहे, एवढी साधी गोष्ट एकाच्याही टाळक्यात शिरली नाही. मग हेडफोनमधून वैशालीवहिनींचा आवाज आला. "प्रकाशभावजी, ओरडू नका. सर्व्हर चालू आहे. हे उठत नाहीयेत…"

त्याला आता काही आठवडे झाले. दिगू आणि मी लालबागच्या एकाच चाळीतले, दाराला दार लागून. दोघांचे वडील एकाच गिरणीत. त्याच्याकडे माशाची कढी झाली की माझ्या पोटात आपोआप भूक लागायची, आणि त्याची आई "इलो बघ मेलो" म्हणत माझं ताट आधी वाढायची. चाळ पाडायला घेतली तेव्हा गॅलरी फुटली. कोण विरारला, कोण दुबईला, मी डोंबिवलीला. दिगू मात्र पलीकडच्या गल्लीत खोली घेऊन बसला. विमा कंपनीतली नोकरी, पण जीव गॅलरीत. "चाळ गेली तर गेली, रविवारची गॅलरी पाहिजे," म्हणाला, आणि माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी एक जुना कॉम्प्युटर चढवला. तरुणपणी सायबर कॅफेत आम्ही जो गोळीबाराचा खेळ खेळायचो तो त्यावर घातला. तो कॉम्प्युटर म्हणजे आमचा सर्व्हर. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आम्ही त्याला जोडले जायचो, आणि कोणी कोणाला मारलं याचा निवाडा तो करायचा.

सुरुवातीला त्याचे निवाडे म्हणजे निव्वळ अंधेरनगरी. खेळ उचकी लागल्यासारखा थांबत थांबत चालायचा. भिंतीमागं लपलेला माणूस मरायचा, समोर उभा असलेला वाचायचा. एका रविवारी तर मी मेल्याचं मला इतक्या उशिरा कळलं, की तोवर मी दोघांना मारून, चहा करून, बायकोशी भांडून परत आलो होतो. सुन्या वैतागला. "यापेक्षा मी झोपतो," म्हणाला आणि यायचाच बंद झाला. मागोमाग आणखी दोघं गळले. दिगूचा फोन आला, आवाज पार बसलेला. "पक्या, हे सुटले ना, तर आपली पुढची भेट स्मशानात. आणि तिथं पण एकजण गप्पच असणार."

मग तो पेटला. आधी वायर बदलली, मग इंटरनेटवाल्याला धरलं, मग माळ्यावरच्या उंदरावर संशय, मग माझ्या बोटांवर. शेवटी विंडोज काढून लिनक्स घालतो म्हणाला. मी कडाडलो, "अरे, त्यात नुसता काळा पडदा असतो! काही दिसत नाही!"

"सर्व्हरला दिसायचंय कशाला? मुलीकडचे बघायला येणारेत त्याला?"

लिनक्स घातलं, नको ती कामं मागं चालायची थांबली, खेळ थोडा सुधारला. पण उचकी काही जाईना.

आणि एका सकाळी साहेब फोनवर नुसते हसतायत. "पक्या, घोळ माझाच रे. भोंगा मीच लावलाय!" त्याचं झालं असं. कॉम्प्युटरला एकाहून जास्त घड्याळं असतात. एक प्रोसेसरच्या अंगातच, मनगटाकडं बघावं इतक्या झटक्यात वेळ सांगणारं. दुसरं बाहेर बोर्डावर. तेही बरोबर, पण त्याला विचारायचं म्हणजे दर वेळी तीन जिने उतरून चौकात जायचं आणि वेळ बघून परत वर यायचं. खेळाचा सर्व्हर तर डोळ्याची पापणी लवायच्या आत शंभरदा किती वाजले विचारणार! मशीन बिचारं आपणहून मनगटावरचं वापरत होतं. दिगूनं हुकूम देऊन त्याला बाहेरच्या घड्याळाला बांधलं होतं, आणि लिनक्स घातल्यावर पहिलं काम पुन्हा तेच केलं. का? तर आमचे वडील. मनगटात घड्याळ बांधून गॅलरीत उभे राहायचे आणि गिरणीचा भोंगा झाल्याशिवाय किती वाजले ते मानायचे नाहीत. वर, घड्याळ भोंग्याला लावून घ्यायचे. अंगावरची वेळ खोटी, बाहेरून येते ती खरी. गिरण्या बंद पडून जमाना झाला, भोंगा दिगूच्या डोक्यात वाजतच होता.

त्यानं एका ओळीचा हुकूम देऊन भोंगा उतरवला. त्या दुपारी सर्व्हर असा धावला की गोळी सुटायच्या आत माणूस आडवा! सुन्याला मी फोन करकरून बोलावला. तो आला, चार वेळा मेला आणि म्हणाला, "आता कसं, मरायला मजा येते." गेलेले सगळे परतले. पुढं कोणाचं लग्न, कोणाची बायपास, कोणाच्या पोराचा दहावीचा निकाल, सगळं आम्हाला गोळीबाराच्या आवाजातच कळत गेलं…

दिवसकार्य उरकल्यावर मी वहिनींकडे गेलो. माळ्यावर मखर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, शेजारी तो डबा घुंघुं करत होता. "वहिनी, हे बंद करायचं का?" कसंबसं विचारलं. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी बोललो नव्हतो. त्यांनी मखराबरोबर डब्यावरचीही धूळ पुसली आणि चहा टाकायला आत गेल्या.

रविवार होता. दिगूच्या खुर्चीत बसायचा धीर होईना, म्हणून मी खाली चटईवर लॅपटॉप उघडला. एकेक जण येत गेला. कोणी ठरवलं नव्हतं, पण प्रत्येकाचा शिपाई चालत विहिरीपाशी आला आणि दिगू उभा होता तिथं, त्याच्या भोवती उभं राहावं तसा उभा राहिला. एक गोळी सुटली नाही.

वहिनी कप घेऊन आल्या. माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत राहिल्या.

"लटकला का?"

"नाही, वहिनी."

"मग खेळा."