प्रदर्शनाला भरलेली बस

सोपानरावांचा धंदा काय, असं कुणी विचारलं की ते 'समाजकार्य' म्हणत. वाकडची शेती टॉवरांखाली गेली, उरलेल्या गुंठ्यांवर भाड्याच्या खोल्या उठल्या, आणि रिकामा वेळ खायला उठला तेव्हा सोपानराव पुढाऱ्यांच्या सभांना माणसं भरू लागले. पक्ष कुठलाही चाले. आदल्या संध्याकाळी फोन आला की सकाळी बस हजर, बसमध्ये माणसं हजर आणि माणसांच्या हातात वडापाव हजर. सभा कशाबद्दल होती हे मात्र त्यांना कधीच सांगता आलं नाही. ते कायम व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहत आणि डोकी बघत.

अशा माणसाचा चित्रकलेशी संबंध आला तो सुनेमुळे. तेजस्विनी हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत चित्रं काढायची. सासूचे, म्हणजे कौशल्याबाईंचे, गुडघे गेल्यापासून तिने त्यांना एक नवाच नाद लावला होता. टीव्हीवर ती मुंबई-दिल्लीची, कधी थेट परदेशातली प्रदर्शनं लावून द्यायची. बटण दाबलं की दालन बदलायचं. कौशल्याबाई पाय पसरून, शेंगा सोलत, जगातली मोठमोठी चित्रं नापास करत. एका राणीसाहेबांना कुणीतरी जेवायला घाला, असं त्या म्हणाल्या. एका साध्या निळ्या चौकोनापुढे मात्र त्यांच्या शेंगा थांबल्या. सोपानराव पेपर वाचायचं सोंग करून हे सगळं बघत. चित्रांतलं त्यांना काही कळत नव्हतं. एवढाली दालनं आणि आत माणूस एक नाही, हे मात्र त्यांच्या जिवाला लागायचं.

तेजस्विनीचं पुण्यातलं पहिलं प्रदर्शन जवळपास तसंच झालं. तिचं चित्र स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी लागलं होतं, आणि जो कोणी तिथे थांबला त्याने आत कुणी आहे का, एवढंच विचारलं. आता मुंबईत, काळा घोडा परिसरातल्या एका गॅलरीत, इतर काही चित्रकारांबरोबर तिला एक भिंत मिळाली होती. या वेळीही कुणी बघितलं नाही तर रंग-ब्रश सगळं भंगारवाल्याला देऊन टाकीन, असं ती जेवताना शांतपणे म्हणाली. आदळआपट केली असती तर सोपानरावांनी मनावर घेतलं नसतं, पण त्या शांतपणामुळे त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. वर तिने हात जोडून बजावलं की आबा, फ्लेक्स नको, शाल-नारळ नको, हलगी तर नकोच. सोपानरावांनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. बसबद्दल ती काही बोलली नव्हती.

रविवारी ती पहाटे पुढे गेली आणि मागून आबांची बस निघाली. माणसं नेहमीचीच, त्यांच्या खोल्यांमधले भाडेकरू. सभा कोणाची, हे त्यांनी घाटात विचारलं. सोपानरावांनी उभं राहून सूचना दिल्या. टोप्या नाहीत, घोषणा नाहीत, कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही, दहा मिनिटं डाव्या भिंतीवरच्या चित्रापुढे उभं राहून ते बघायचं. बघायचं काय, असं सुभद्राबाईंनी विचारलं. सुभद्राबाई लातूरकडच्या. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात उभी हयात काढून नुकत्याच घरी बसलेल्या. चित्र सोपानरावांनी स्वतःही बघितलेलं नव्हतं, म्हणून ते वडापाव वाटायला लागले.

गॅलरीत कुणी गॉगलवाले गृहस्थ इंग्रजीत भाषण करत होते. ते श्वास घ्यायला थांबले की सोपानरावांची माणसं सवयीने टाळ्या वाजवत. गृहस्थ खूष झाले आणि भाषण लांबलं. ते संपताच मागून एकाने 'विजय असो' सुरू केलं, त्याला सोपानरावांनी कोपराने ढोसून गप्प केलं. तेजस्विनी तिथे नव्हतीच. आपल्या चित्रापुढची रिकामी फरशी बघवत नाही म्हणून ती पलीकडच्या हॉटेलात चहावर चहा पीत बसली होती.

चित्र होतं पहाटेच्या कंपनीच्या बसचं. आत सगळ्या बाया झोपलेल्या, कुणाचं डोकं काचेवर, कुणाचं शेजारणीच्या खांद्यावर, तोंडं उघडी. सोपानरावांनी आणलेल्या बाया आधी हसल्या, मग ही कोण आणि ती कोण यावरून त्यांची जुंपली. सुभद्राबाईंनी कौशल्याबाईंना व्हिडिओ कॉल लावला. बसमध्ये जागा न मिळालेल्या सगळ्या जणी घरी कॉल लावलेल्या टीव्हीपुढे जमल्या होत्या, आणि फोन जवळ घे, कोपऱ्यातली नीट दिसंना, असे हुकूम तिकडून सुटू लागले. फोन बंद करा म्हणायला आलेल्या रखवालदाराला कौशल्याबाईंनी वाकडहूनच झापलं. एवढा गोंगाट कसला म्हणून बाकीचे लोक आले आणि तेही वाकून बघू लागले.

"आपलं झोपेतलं तोंड आपुन कधी बघितलंय का?" सुभद्राबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं मी असल्याच बसमदी झोपले. आमी अशा दिसत व्हतो, हे मला आज कळलं."

संध्याकाळी तेजस्विनी परतली. तिच्या चित्रापुढे गर्दी होती. दाराशी तिचा चेहरा असा काही उजळला की खांबामागे उभ्या सोपानरावांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. मग तिने ओळखीचे चेहरे बघितले आणि ती विझली. ती सरळ खांबापाशी आली आणि बस तुम्ही आणली का, एवढंच विचारलं.

सोपानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या चांगल्यासाठी म्हणून केलं आणि तिच्याच चित्राला भाडोत्री करून ठेवलं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"व्हय, मीच आणली," ते म्हणाले. "दहा मिनटं उभं राहा, एवढंच सांगितलं व्हतं. वडापाव संपला की मान्सं पांगत्यात, पुरुष कवाच गेटवेला पळाले. ह्या बायांचे वडे दुपारीच संपल्यात. डायवर बोंबलतोय, मी हाका मारून दमलो, पन एक हलंना. मान्सं आनता येत्यात मला, तेजू. थांबवायचं कधी जमलं न्हाई."

तेजस्विनी वळून बघत राहिली. सुभद्राबाई फोन उंच धरून घरच्यांना चित्रातली एकेक बाई दाखवत होत्या. तेजस्विनीला रडू फुटलं. ते लपवायला तिने सासऱ्यांनाच दटावलं, ड्रायव्हरला खाली जाऊन चहा पाजा, बायकांचं अजून बघून व्हायचंय.