बीपीवर फवारणी

आमच्या आबांचा, म्हणजे वडलांचा, आवाज असा, की त्यांनी मोसंबीच्या बागेतून हाक मारली तर शेजारच्या जांब समर्थ गावातल्या देवळावरची कबुतरं उठायची. नजर मात्र पार गेल्ती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा विजेच्या खांबाला रामराम घालून त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करत उभे राहिले. खांब बोलला नाही म्हणून चार दिवस त्या रस्त्यानं गेले नाहीत.

ऑपरेशनला जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला.

"बाबा, बीपी फार वाढलंय. आज डोळ्याला हात लावता येणार नाही. ही गोळी रोज सकाळी एक. महिन्यानं या."

आबांच्या लेखी औषध म्हणजे फवारणी. सकाळी पंप पाठीवर घ्यायचा, संध्याकाळी पान उलटं करून बघायचं. किडा वळवळला की डोस वाढवायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी गोळी घेतली आणि दुपारी गावातल्या मेडिकलवर जाऊन बीपी मोजून घेतलं. आकडा जागचा हलला नव्हता.

"किडा जित्ता हाय," आबा म्हणाले, आणि घरी येऊन आणखी दोन गोळ्या घेतल्या.

संध्याकाळी बागेत बसल्या जागेवरून उठले आणि तिथंच आडवे झाले. आईनं हाक मारली. आबांनी दिलेलं उत्तर मला शेजारी उभं राहूनही ऐकू आलं नाही. तेव्हा त्यांना उचलून गाडीत घातलं. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत मी गाडी अशी हाणली की खड्डेच बाजूला सरकत होते.

सकाळी आबा शुद्धीवर, आवाज अर्ध्यावर. तिथले डॉक्टर म्हणाले, "ही गोळी हळूहळू काम करते. पूर्ण असर दिसायला काही आठवडे लागतात. जास्ती घेतली की बीपी एकदम खाली येतं. एखाद्या दिवशी चुकली तरी दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करायची नाही."

आबांनी सलाईनच्या स्टँडला आई समजून विचारलं, "इतकी सुस्त गोळी काय कामाची?"

आई दुसऱ्या बाजूनं म्हणाली, "बहारासाठी बागेचं पाणी तोडता, तवा दुसऱ्या दिवशी टोपलं घिऊन झाडाखाली बसता का? महिनाभर गप ऱ्हाता, मंग पाणी सोडल्यावर फूल येतं. तसंच ऱ्हावा."

घरी आल्यावर, आबांच्या हाती लागू नये म्हणून, गोळ्यांचं पाकीट आईनं ज्वारीच्या कोठीत ठेवलं. रोज चहाआधी एक गोळी तळहातावर यायची. खाटेवरून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. शिडीवरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं बीपी एकेक पायरी खाली आलं आणि डॉक्टरीणबाईंनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं.

पुढं बागेत जायची परवानगी मिळाल्यावर आबांनी पहिलं काय केलं, तर पान उलटं केलं.

"एवढी कीड पडली, अन् तुम्ही मला बाग झकास हाय म्हणून सांगून राह्यले?"

जांबची कबुतरं उठली.

"गोळी घेतली का?" आईनं विचारलं.

"सकाळीच घेतली."

मग त्यांनी फवारणीच्या औषधाची बाटली डोळ्यासमोर धरून लेबल शेवटपर्यंत वाचलं. आजवर ते बाटली पंपात नुसती उपडी करत. त्या दिवशी झाकणानं मोजून औषध माझ्याकडं दिलं, फवारायला लावलं, आणि संध्याकाळी पान बघायला गेले नाहीत.