आधी पूर्वपक्ष, मग भांडण

आठलेकाकांशी भांडण्याची कोणाची छाती नव्हती. काका रागीट होते असं नाही. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. अडचण वेगळीच होती. तुम्ही तावातावानं काही बोललात, की ते चष्मा पुसत म्हणायचे, "थांब. आधी तुझी बाजू मी मांडतो. चुकलो तर सांग." आणि मग ती बाजू ते इतकी चोख मांडायचे की आपल्यालाच हेवा वाटावा. एवढं झाल्यावर ते तिचं खंडन करायला घेत. तोवर भांडणाऱ्याचा निम्मा राग ओसरलेला असे.

याला ते पूर्वपक्ष म्हणत. जुन्या शास्त्रार्थातला नियमच तो: विरोधकाचं म्हणणं तो मान डोलावेपर्यंत नीट मांडायचं, आणि मगच आपलं सांगायचं. काकांचे पूर्वज दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, शास्त्री म्हणून ग्वाल्हेरच्या दरबारात आले होते. काकांचा दरबार भरायचा तो किला गेटजवळच्या आमच्या गल्लीत, त्यांच्या ओट्यावर. शेजारच्या भदौरियाजींचं आणि माझं पाण्याच्या मोटारीवरून वाजलं, तेव्हा काकांनी त्यांना तिथे बसवलं. "भदौरियाजी, पहले आप बताइए कि सुधीर को आपसे क्या तकलीफ़ है. ऐसे बताइए कि वो खुद कहे, हाँ, यही है." भदौरियाजी मिशीवरून हात फिरवत राहिले आणि चहा पिऊन घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून मोटारीची वेळ मात्र बदलली.

काकांनी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. मी इंदरगंजला केमिस्ट्रीचा कोचिंग क्लास चालवतो. डॉक्टर-इंजिनियर तयार करायचं आमचं दुकान. त्यामुळे आमची थट्टा चालायची. "तुझ्या रसायनशास्त्रानं साबण केला, मान्य," ते म्हणायचे, "पण कोणाचे पाय धुवायचे हे साबणाच्या कागदावर लिहिलेलं नसतं रे." दाल बाजारात गेले तरी तेच. दुकानदार म्हणाला, "तुअर एकदम बढ़िया है," की काका विचारणार, "बढ़िया मतलब? किसके लिए?" लांबून काका दिसले, की तो बिचारा फोन कानाला लावून बसायचा.

अशा माणसाच्या ओट्यावर माझी मुलगी इरा लहानाची मोठी झाली. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे माझा क्लास सुटेपर्यंत ती काकांकडेच असे; त्यांना ती आजोबा म्हणायची. याचे परिणाम मला उशिरा दिसले. फिजिक्समध्ये तिनं उत्तम मार्कांनी पदवी घेतली, गुरुग्रामच्या एका कंपनीत डेटाचं काम मिळत होतं, आणि एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला पुण्याला जाऊन फिलॉसफीत एम.ए. करायचंय." दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच ताटासमोर बसला होता.

मी हात धुतले आणि तडक काकांकडे गेलो. "काका, तुम्हीच तिला समजवा. या लाइनीत आता काय उरलंय? विचार करायलासुद्धा मशीन आल्या."

मला वाटलं, दुखावतील. पण ते म्हणाले, "खरं आहे. मी रिटायर झालो, त्यानंतर माझ्या विभागात कोणी आलंच नाही. तिला नोकरी लागेल असं मी म्हणणार नाही, खोटं होईल ते." मी खूश झालो. तेवढ्यात ते म्हणाले, "रविवारी दोघंही या. पूर्वपक्ष झाल्याशिवाय मी कोणाला काही समजवत नसतो."

रविवारी आधी इराची पाळी. माझी बाजू तिनं मांडायची होती. "बाबा स्कोप-स्कोप म्हणतात ना, वो असली बात नहीं है," ती म्हणाली. "आई गेल्यापासून त्यांना एकच भीती आहे. उद्या ते नसले तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? म्हणून माझ्या हातात काहीतरी पक्कं पाहिजे त्यांना. मतलब, असं की जे कोणी काढून नाही घेऊ शकत." ही भीती मी तिच्याजवळ कधीच बोललो नव्हतो. मी नुसती मान डोलावली.

मग मी इराची बाजू मांडायला घेतली. "तिला फिजिक्सचा कंटाळा आलाय."

"नाही बाबा."

"ती तुमच्या नादी लागलीय, काका."

काका हसले. इरानं मान हलवली, हेही नाही.

"तिला काहीतरी सोपं..." इथे मी स्वतःच थांबलो.

"सुधीर, नापास," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी ये." शहरभरच्या मुलांना पास करणारा मी, नंतरचे कित्येक रविवार त्या ओट्यावर नापास होत राहिलो.

मग काकांच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत काकांनी सांगितलं, आता पुरे. त्यांचा मुलगा माधव बंगळुरूहून आला होता, तो ऐकेना. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. डायलिसिस चालू ठेवलं तर काय होईल, थांबवलं तर काय होईल, ते त्यानं रिपोर्ट दाखवून स्वच्छ सांगितलं. "तो करना क्या चाहिए?" माधवनं विचारलं. डॉक्टर रिपोर्टकडेच बघत राहिला.

काकांच्यात बोलायचं त्राण नव्हतं. त्यांनी इराकडे पाहिलं. तिनं स्टूल ओढलं आणि म्हणाली, "माधवकाका, आजोबांना का नको आहे ते आधी तुम्ही सांगा. ते हो म्हणतील असं सांगा."

"कंटाळलेत ते," माधव चिडून म्हणाला. काकांनी मान हलवली, नाही. "त्यांना मला त्रास द्यायचा नाहीये." पुन्हा नाही. मग माधव खाली बघत म्हणाला, "मशीनवरून आले की त्यांचं डोकं सुन्न असतं. विचार करता येत नाही त्यांना. आणि विचारच करता येत नसेल, तर बाबांना ते जगणं वाटत नाही." काकांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. मग तुटक शब्दांत त्यांनी मुलाची बाजू मांडली. "तुला वाटतं, तू हो म्हणालास, तर तूच मला मारलंस." माधव त्यांचा हात धरून रडला.

डायलिसिस थांबलं. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाला, "सर, ये वाला चैप्टर हमें किसी ने पढ़ाया ही नहीं." त्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं.

काकांना घरी आणलं. त्यांच्या खाटेशी बसून मी पुन्हा एकदा इराची बाजू मांडली. "तिला वाटतं, मशीन जितक्या हुशार होतील तितके 'मग करायचं काय?' असले प्रश्न वाढत जाणार. ते नीट कसे विचारायचे हे शिकणं म्हणजे फावल्या वेळचा छंद नाही. ते काम आहे."

"हां, बस, यही," इरा म्हणाली.

"पास," काका पुटपुटले. पण पूर्वपक्ष जमला म्हणून माणूस लगेच पक्ष बदलत नाही. मी होकार दिला नाही, आणि काकांनी तो मागितलाही नाही. त्याच आठवड्यात ते गेले. त्यांच्याशिवाय गल्ली मला परकी वाटू लागली, अजूनही वाटते.

पुण्याच्या प्रवेशाची मुदत संपत आली होती. एका दुपारी डॉक्टरचा फोन आला. "सर, एक माताजी आईसीयू में हैं, और बेटे आपस में लड़ रहे हैं. इरा थोड़ी देर आ सकती है क्या?" मी त्या दिवशीचा क्लास मध्येच सोडला आणि तिला घेऊन गेलो. ती आत, मी बाहेरच्या बाकावर. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग आवाज खाली आले, मग कोणीतरी एकटंच सावकाश बोलत राहिलं.

इरा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काही ठरलं नाही, बाबा. पण आता निदान ऐकतायत एकमेकांचं." पायऱ्या उतरताना म्हणाली, "किती ठिकाणी चुकले मी. बहुत कच्ची हूँ अभी. आजोबांसारखं नाही येत मला."

"मग शीक नीट," मी स्कूटर काढत म्हणालो. "जा पुण्याला."

तिच्या नोकरीचं काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. भीती होती तेवढीच आहे. ती मागे बसली, आणि घर येईपर्यंत तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही.