आटगावपर्यंत हात सरळ

चपला दाराबाहेर काढायच्या, पिशवी काउंटरखाली सरकवायची, मांडणीवरची एक चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीन, डाव्या हाताने उचलायची, हात समोर ताठ धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मुरबाड सुटली."

मग माझ्या दुकानात बाबांची एसटी चालू व्हायची. बराच वेळ शांतता. "सरळगाव." पुन्हा शांतता. मधले सगळे फाटे आणि पूल ते मनातल्या मनात घेत असावेत, कारण कोणी मध्ये बोललं तर डोळे न उघडता दुसरा हात जरासा हलवून गप्प करायचे. "किन्हवली." इथे साधारणपणे मनगट थरथरू लागायचं. मग डोळे उघडून, मशीन जागेवर ठेवून निकाल द्यायचे, "ही किन्हवलीलाच उतरली, बाय. आपल्या कामाची नाय."

त्यांचं गाव आटगावच्या वरच्या अंगाला. मुरबाडहून सरळगाव, किन्हवली, शेणवे, शहापूर आणि मग आटगाव. हात सरळ ठेवून आटगाव गाठता आलं तर मशीन हलकी, वाटेत कुठेही उतरली तर जड. किलो, ग्रॅम, सीसी वगैरे भाषा त्यांना मान्य नव्हती.

मुरबाडच्या बाजारपेठेत माझं शेतीच्या यंत्रांचं दुकान आहे. सासऱ्यांना दुकान बंद करवेना, नवऱ्याला शाळेची नोकरी सोडवेना, मध्ये मी सापडले. वीस वर्षं फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशीन आणि चेनसॉ विकते आहे. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ते घेणार की नुसतं बघणार, हे मला कळतं. या बाबांच्या बाबतीत मात्र मी पाच महिने चुकत होते.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "कशासाठी हवी आहे?"

"ऐन भादरायला."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राबासाठी ऐनाच्या झाडाच्या फांद्या दरवर्षी उतरवतात. ऐनाचं लाकूड असं कठीण की नवखा माणूस कोयता मारतो आणि कोयताच त्याला परत मारतो. बाबा आपल्या गावातले सगळ्यांचे ऐन तीस-पस्तीस वर्षं उतरवत होते. कुठली फांदी घ्यायची, कुठली ठेवायची, हे त्यांच्या शब्दावर. झाडाच्या टोकाला एक फांदी ते कधीच तोडू देत नसत. "शेंडी ठेवायची," म्हणायचे. "भादरायचं, बोडायचं नाय. बोडलं का झाड रुसतं."

मी त्यांना रीतसर माहिती दिली. पडलेलं झाड ओंडके करून कापायचं तर मोठी मशीन लागते, फांद्या उतरवायला छोटी. पण छोटी म्हणजे बंगल्यातल्या बागेची नव्हे. ती ऐनाला लावली तर एका हंगामात धूर ओकते. कामाची, धंद्यातली मशीन घ्यायची, वजनाला हलकी, पातं चौदा इंची. हादरे कमी बसणारी, नाहीतर संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडताना बोटं आपली वाटत नाहीत.

"अठरा इंची पातं नको?" त्यांनी विचारलं.

"फांदी मनगटाएवढी. अठरा इंची घेऊन बाकीच्या पात्याने काय वारा घालणार?"

हे त्यांना पटलं. पटलं की ते मान न हलवता नुसते "हां" म्हणायचे. मग मी छापील पत्रक काढून म्हटलं, "ही बघा, चार किलो."

"कागदावरचं वजन मला सांगू नका, बाय."

आणि ते मशीन उचलून शेजारच्या किराणा दुकानात गेले. तिथल्या काट्यावर साखरेची गोणी बाजूला करून चेनसॉ ठेवली. पातं आणि चेन लावलेली होतीच, माझ्याकडून टाकीत पेट्रोल आणि चेनचं तेलही भरून घेतलं होतं. काटा साडेपाचच्या आसपास गेला. परत येऊन त्यांनी मशीन काउंटरवर ठेवली आणि मला समजावलं, "तुमचा कागद उपाशीपोटी वजन करतो. मी कामावर जेवून जातो."

कबूल करते, इतकी वर्षं धंदा करून ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना आपणहून सांगत नव्हते. त्या दिवसापासून सांगते. सगळं भरून, लावून किती, ते वेगळं लिहून ठेवलं आहे.

दर आठवडी बाजाराला बाबा यायचे. बॅटरीवरची मशीन दाखवली. ती शेणव्याच्या पुढे गेली, मला आशा वाटली. चालू करून दाखवली तर म्हणाले, "आवाज नाय हिला. फांदीला कसं कलनार आपन आलो ते?" एकदा ते गावाहून मांडीएवढ्या जाडीचं ऐनाचं लाकूड घेऊन आले. मशीन खरी की खोटी ते त्याच्यावर कळणार होतं. कंडक्टरने लाकडाचं तिकीट मागितलं, तेव्हा हे म्हणाले होते, "अर्धं फाडा. लहान हाय आजून." दुकानामागच्या पडवीत आम्ही ते लाकूड तीन मशीनखाली घातलं. पात्याच्या टोकाने कापायला गेलात तर मशीन उसळून तोंडावर येते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "टोकानं काम करनारी मानसं पन तशीच." बाजारातली चार माणसं जमली होती. सगळ्यांनी मतं दिली. घेतलं कोणी काहीच नाही.

तिसऱ्या महिन्यात माझा संयम सुटला. "बाबा, एवढ्या दिवसांत मुलीचं लग्न जमतं."

"जमतं. पन मुलीला उचलून धरायला लागत नाय, बाय. ती आपल्या पायानं जाते."

"आणि शहापूरला दुकानं नाहीत का? एवढ्या लांब दर आठवड्याला?"

"हायत ना. चांगली हायत. पन तिथं आमच्या गावची मानसं असतात."

मी म्हटलं, माणूस वेळकाढू आहे. घरात करमत नसेल, एसटीत अर्धं तिकीट आहे, आमच्याकडे पंखा आहे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, बँकेत पासबुक भरायला येऊन दुपार काढणारी. मी त्यांना त्या यादीत टाकून दिलं आणि माझ्या कामाला लागले. डावखुरे आहेत, एवढी मात्र नोंद मनाने घेतली होती. तीही चुकीची निघाली.

माघ लागला. राबाच्या फांद्या उतरवायचे दिवस आले आणि त्या बाजारी त्यांच्याबरोबर त्यांची सून आली. उंच, सडपातळ, कमी बोलणारी. सासऱ्याची एसटी दुकानात सुटली तरी हिचा चेहरा जसाच्या तसा. घरी रोज बघत असावी. नव्याने आलेली एक हलकी मशीन त्या दिवशी मुरबाडहून निघाली, सरळगाव झालं, किन्हवली झाली, शेणवे झालं. शहापूरला हात थोडा खाली आला, पुन्हा सरळ झाला. किराणावाला दारात येऊन उभा राहिला.

"आटगाव," बाबा म्हणाले आणि डोळे उघडले. किराणावाल्याने टाळ्या वाजवल्या.

मी मशीनबरोबर हेल्मेट देते. ते नको म्हणणारे बहाद्दर खूप भेटतात, म्हणून मी समोर घालायला लावते. "घाला बघू," म्हणून हेल्मेट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते क्षणभर फिरवून पाहिलं. मग काउंटरवर उपडं ठेवलं, ते पुन्हा उलटं केलं, कमरेत वाकले आणि बैलाने घमेल्यात तोंड घालावं तसं डोकं त्यात घातलं. मग डाव्या हाताने धरून सरळ झाले.

मी हसायला तोंड उघडलं आणि सुनेकडे पाहिलं. ती दाराबाहेर बघत होती. माझं हसू तिथेच राहिलं. पाच महिन्यांत हा माणूस पैसे, चहा, पिशवी, सगळं उजव्या हाताने घेत होता, पण कोपर कधी बरगडीपासून सुटलं नव्हतं. डावखुरे नव्हते ते. उजवा खांदा गेला होता. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन सालं झाली." मग आवाज खाली आणून, "गावात ठावं नाय, बाय. कललं तर म्हनतील, बाबाचं झालं. भायेरची मानसं आनतील, ती मोठ्या मशीन लावून बुडापासून बोडतील. शेंडी कोन ठेवनार?"

म्हणून मुरबाड. म्हणून डावा हात.

मी भावुक होत नाही, मला ते जमत नाही. मी म्हटलं, "बाबा, ही घेऊन झाडावर चढायचं नाही, हे आधी सांगते."

"नाय चढनार."

"डाव्या हाताने पुढची मूठ धरायची. सगळं वजन तिथेच येतं. उजव्याने मागची मूठ आणि चाप. ती कमरेपाशी असते. आणि हे ऐका," मी मशीनबरोबरचं पुस्तक उघडून मराठी करून वाचलं, "मशीन खांद्याच्या उंचीच्या वर उचलून चालवू नये."

बाबा हेल्मेटसकट पुस्तकावर वाकले.

"कोन म्हनतो?"

"कंपनी म्हणते."

"लेखी हाय?"

"छापलेलं आहे. चित्रसुद्धा आहे. हे बघा, माणूस, त्याचा खांदा, वरती फुली."

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग ते म्हणाले, "ह्याचा कागद करून द्या. मराठीत. वर सही-शिक्का मारा."

मी चित्राची झेरॉक्स काढली, खाली मोठ्या अक्षरात मराठी वाक्य लिहिलं, सही केली आणि दुकानाचा शिक्का हाणला. किराणावाल्याने सुचवलं म्हणून लॅमिनेट करून आणलं. कागद खिशात गेल्यावर मशीनचे पैसे आले, न मोजता, न घासाघीस करता. पाच महिने जे हवं होतं ते बहुधा मशीनपेक्षा हेच होतं, आणि ते माझ्या दुकानात फुकट पडून होतं.

त्यानंतर ते दरवर्षी माघात चेनला धार लावायला यायचे आणि गावचा वृत्तान्त सांगायचे. सून कोयता घेऊन ऐनावर चढते. तिचं माहेर उंबरमाळीकडचं, झाडावर चढायला ती चालण्याआधी शिकली असणार. मोठ्या फांद्या ती खाली सोडते, हे जमिनीवर उभे राहून मशीनने त्यांचे हात-पाय उतरवतात. खालून हुकूम चालूच. "शेंडी ठेव गो! ती नको, ती पुढच्या सालाची!" कोणी हटकलं, "काय बाबा, वरती मशीन का नाय लावीत?" की हे मशीन बंद करायचे, हेल्मेट काढायचे, खिशातून कागद काढून समोर धरायचे. "कंपनीची मनाई हाय. शिक्का बघ."

"शिक्का माझ्या दुकानाचा आहे," मी एकदा म्हटलं.

"तुमी गप बसा, बाय."

या माघात सून एकटी आली. मशीन काउंटरवर ठेवली. मी विचारायच्या आत तिने सांगितलं. भादव्यात ताप आला, शहापूरच्या दवाखान्यात चार दिवस, संपलं. मी चहा मागवला. मग चेन उतरवून धार बघू लागले. दाते व्यवस्थित होते. पात्याची खाच साफ केलेली होती. माझ्या गिऱ्हाइकांत असं ठेवणारे चार निघणार नाहीत.

"गावात शेवटपर्यंत कळलं नाही ना? खांद्याचं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बावळटासारखं बोलल्यासारखं. "आख्ख्या गावाला ठावं होतं, ताई. देवळाची घंटा डाव्या हातानं वाजवायचे, मानसांना डोले नाय काय?"

"मग ते कागद कशाला मागायचे?"

"कागद काढताना त्यांना बरं वाटायचं. म्हनून दर साली कुनी ना कुनी विचारायचं, वरती का नाय लावीत. पाळी लावली होती गावानं." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "ऐन आता मी बघते. शेंडी ठेवते. पन मला धड खांदा हाय, मला कोन विचारनार नाय."

तिने ब्लाउजमधून कागद काढला. लॅमिनेशनचे कोपरे सुटले होते, चित्रातला माणूस घामाने पुसट झाला होता, शिक्का जवळजवळ गेला होता. "नवा करून द्या," ती म्हणाली. "तसाच. आसू दे मशीनपाशी."

मी तसाच करून दिला. शिक्का जरा जोरातच बसला.

धार लावून झाली, पेट्रोल आणि तेल भरलं. मी मशीन तिच्यापुढे सरकवली. तिने ती डाव्या हाताने उचलली, हात समोर ताठ केला आणि डोळे मिटले. किराणावाला दारात आला. सरळगाव, किन्हवली, शेणवे, शहापूर झालं. "आटगाव," ती म्हणाली आणि मी मशीन घ्यायला हात पुढे केले.

तिने उजवा हात जरासा हलवून मला गप्प केलं.

"तानशेत," ती म्हणाली. आटगावच्याही पुढची गावं. "खर्डी."

माहेरच्या उंबरमाळीला तिने डोळे उघडले आणि मशीन हळूच खाली ठेवली.