सासूबाईंसोबत समुद्रापर्यंत

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी ओसरीत बसून सायकलच्या चेनला तेल देत होते. तिच्या ऑफिसात अचानक काम निघालं होतं आणि रजा नामंजूर झाली होती. आमच्या कार्ल्याहून निघायचं, खंडाळ्याचा घाट उतरायचा, खोपोलीवरून पेण आणि तिथून अलिबाग, असा आमचा बेत होता. तो त्या एका फोनमध्ये बारगळला. नवऱ्याला कारखान्यात शिफ्ट. एकटीनं जायची माझी तयारी होती, पण घरच्यांची नव्हती.

सासूबाई शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी येऊ का?"

"कुठं?"

"तुज्या त्या अलिबागला. सायकलवर."

गंमत करायचा त्यांचा स्वभाव नाही. साठी ओलांडलेली, आयुष्यभर नऊवारी नेसलेली, भातलावणीत अजूनही सुनांच्या पुढं असणारी ही बाई. मी तळेगावची, लोणावळ्याच्या एका शाळेत शिकवते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आमच्या दोघींचं बोलणं दूध, भाजी आणि कुकरच्या शिट्ट्या यांपलीकडं फारसं गेलेलं नव्हतं.

"आई, तुम्हाला सायकल येते?"

"यायची. माहेरी शाळंला सायकलवरच जायची मी. मग लगीन झालं आन् राहिलं."

"आणि अलिबागच कशाला?"

त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "मुंबईला दोनदा गेलते, दोन्ही बारीला दवाखान्यात. टॅक्सीतनं समुद्र दिसतो म्हनं. मला वकारी येत हुती, डोळं मिटून बसलेवते. समुद्र राहिला तो राहिलाच."

खरं सांगते, मला आधी वैतागच आला. घरापासून चार दिवस सुटका व्हावी म्हणून मी निघाले होते आणि घरच माझ्या मागं सायकलवर बसून येणार होतं. पण नाही म्हणायला जीभ रेटेना.

नणंदेच्या मुलीची जुनी लेडीज सायकल गोठ्याच्या कडेला धूळ खात पडली होती. कामशेतच्या मेकॅनिकनं तिला नवे टायर आणि नवे ब्रेक घातले. पहिल्या दिवशी आई खळ्यातच चालवायला बसल्या आणि सरळ पेंढ्याच्या गंजीत घुसल्या. सासरे, म्हणजे आबा, दारात उभे होते.

"हाडं मोडून घेशील. मग कोन करनार तुजं?"

"माजी हाडं हायेत, मी बगीन," म्हणत आईंनी केसातला पेंढा काढला आणि पुन्हा टांग टाकली. काष्टा असल्यामुळं त्यांना साडीची अडचण येत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात त्या मळवली स्टेशनापर्यंत जाऊन येऊ लागल्या. गावातल्या बायका दारात येऊन बघत, हसत. आई त्यांच्याकडं बघून घंटी वाजवत.

पाय किती टिकतात ते बघायला आम्ही एका रविवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जाऊन आलो. देवळाबाहेर चप्पल काढताना एका बाईनं विचारलं, "मावशी, सायकलवर यायचा नवस होता का?"

"न्हाई बाई," आई म्हणाल्या, "हौस हाय."

फेब्रुवारीत, शाळेच्या सुट्ट्या जोडून मी रजा काढली आणि आम्ही पहाटे निघालो. खाचरांवर धुकं होतं. लोणावळ्यात चिक्कीची दुकानं अजून उघडली नव्हती, नुसती कुत्री रस्त्यावर पसरलेली. खंडाळा ओलांडून आम्ही शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो, हात जोडले आणि जुन्या घाटानं उतरायला लागलो. मी आईंना बजावून ठेवलं होतं, ब्रेक एकसारखा दाबून धरायचा नाही, थोडा दाबायचा, थोडा सोडायचा. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की प्रत्येक वळणावर "धर... सोड... धर... सोड" असं स्वतःलाच ओरडून सांगत होत्या. मागून येणारा एक मोटरसायकलवाला घाबरून बाजूलाच थांबला.

खोपोलीत उतरल्यावर आम्ही एकेक वडापाव घेतला. मी विचारलं, "भीती वाटली?"

"लय," त्या म्हणाल्या. "पन मजा बी लय आली." आणि दुसरा वडापाव मागितला.

खोपोली ते पेण हा रस्ता मला फार आवडला. भात निघालेल्या खाचरांत वाल आणि हरभरा होता, मधूनच एखादं तळं, कडेला आंब्याचा मोहर. आमच्याकडं सकाळी अजून शाल लागत होती, इथं पदरानं घाम पुसावा लागत होता. आई प्रत्येक शेताकडं बघत चालवत होत्या आणि मला पिकाबद्दल काहीबाही सांगत होत्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या भावानं सायकल शिकवली होती, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. तो पुढं सैन्यात गेला आणि परतला नाही. त्याचा फोटो मी आमच्या घरात रोज बघत आले होते. कोण ते कधी विचारलं नव्हतं.

पेणला माझ्या सहकारी शिक्षिकेच्या माहेरी उतरलो. त्यांचा गणपतीचा कारखाना. अंगणभर पांढरे, न रंगवलेले गणपती वाळत ठेवलेले. आईंनी त्या सगळ्यांमधून पाय जपत जपत फिरून घेतलं. घरातल्या बाईंनी विचारलं, "मावशी, पाय चेपून देऊ का?" तर त्या लाजल्या. कुणी त्यांचे पाय चेपावेत, याची त्यांना सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता मात्र वाईट होता. वडखळपर्यंत हमरस्ता, आणि तिथून अलिबागकडं वळल्यावर डंपर आणि ट्रेलर. मी मागून चालवत होते, आई पुढं. एका डंपरनं अगदी जवळ येऊन कर्कश हॉर्न दिला. आईंचं चाक डांबरावरून खाली मुरमात गेलं आणि त्या आडव्या झाल्या. डंपर निघून गेला. मी सायकल टाकून धावले.

कोपर खरचटलं होतं, गुडघ्याला मार होता. पण त्या कोपराकडं बघत नव्हत्या. डाव्या मनगटाकडं बघत होत्या. हिरव्या बांगड्यांचे तुकडे मातीत पडले होते, हातात एकही राहिली नव्हती.

"बांगड्या वाढल्या गं," त्या म्हणाल्या. चेहरा पांढराफटक.

मी म्हणाले, "आई, काच आहे, पडल्यावर फुटणारच."

"तुला न्हाई कळायचं. फोन लाव त्येंना."

मी आबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तीन-चार रिंगा झाल्या, उचलेनात. आईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. शेवटी आबांचा आवाज आला, मागं म्हशीचं हंबरणं.

"काय झालं?"

"तुमी बरं हाय ना?" आईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? म्हस पान्हवंना, तेवडंच. तू न्हाईस तर हात लावू दीना."

आई तिथंच रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली बसून रडायला लागल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले. फोनवर आबा "काय झालं, काय झालं" करत होते. मी सांगितलं, आई पडल्या, फार लागलं नाही, पण बांगड्या वाढल्या.

मग आई म्हणाल्या, "मी माघारी येते. न्हाई जमत मला."

"माघारी कशापाई?" आबा म्हणाले. "कुटवर गेलाय?"

"वडखळ मागं पडलं, पोयनाड यायचं आहे अजून," मी म्हणाले. "पुढं थोडंच राहिलंय."

"मग बांगड्या भर आन् जा म्होरं. गावात कासार असंल की. येवडं लोकांनी हसून घेतलं त्ये काय वडखळावरनं माघारी याला?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "बगून ये. म्हशीचं मी बगतो."

लग्न झाल्यापासून मी या माणसाला बायकोशी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आईंनाही ते नवीन असावं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, माझ्या बाटलीतल्या पाण्यानं कोपर धुतलं आणि उभ्या राहिल्या.

पोयनाडपर्यंत आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो. वेळ गेला, पण घाई कुणाला होती? बाजारात बांगड्यांचं दुकान मिळालं. दुकानातल्या बाईनं आईंचा सुजलेला हात हळुवार दाबत एकेक बांगडी चढवली. भरून झाल्यावर आईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "तू बी भर."

मी शाळेत घड्याळाशिवाय मनगटात काही घालत नाही. त्या दिवशी दोन्ही हात भरून घेतले.

दुकानातल्या बाईनंच आम्हाला गावागावांतून जाणारा आतला रस्ता सांगितला. तिथं ट्रक नव्हते. अंगणात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसलेल्या बायका होत्या, नारळाची झाडं होती आणि वाऱ्याला खारट वास येऊ लागला होता. खिंडीपाशी पुन्हा मुख्य रस्त्याला लागलो तेव्हा आईंनी खच्चून ब्रेक दाबला.

"अगं, बग काय लिवलंय!"

पाटीवर कार्ले लिहिलं होतं. कार्ले खिंड. आईंना इतकं हसू आलं की सायकल धरवेना. "दोन दीस चाललोय आन् परत कार्ल्यातच?"

अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आणि समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण दूर, किल्ल्याच्या पलीकडं एक चकचकीत पट्टी तेवढी. मधे नुसती ओली वाळू आणि चिखल. लोक चालत किल्ल्याकडं निघाले होते. आईंनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं.

"येवडाच?" त्यांनी विचारलं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजावून सांगायला लागले की पाणी मागं गेलंय, संध्याकाळी येईल. पण आईंनी तोवर चप्पल काढून हँडलला अडकवली होती आणि पायानं वाळू दाबून बघत होत्या. वाळू घट्ट होती.

"हितं चालवता येईल की," त्या म्हणाल्या आणि टांग टाकून निघाल्याच.

मला तो क्षण नीट सांगता येणार नाही. एवढा मोठा सपाट मोकळा किनारा, त्यावर कुठंही ना खड्डा, ना डंपर. ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं. आणि त्यातून नऊवारीतली एक बाई सायकल चालवत पाण्याकडं निघालेली, मोठमोठी वळणं घेत, उगाचच. घोडागाडीवाला थांबून बघायला लागला. मी ओरडले, "आई, फार पुढं नको!" मग मीही निघाले. किती तरी वेळ आम्ही नुसत्या गोल गोल फिरत राहिलो.

पाणी आलं तेव्हा सायकली वर नेऊन ठेवल्या आणि आई गुडघ्यापर्यंत आत गेल्या. लाट आली की माझा हात धरत, लाट गेली की सोडत. खरचटलेलं कोपर खाऱ्या पाण्यानं झोंबलं तशी शिवीच हासडली त्यांनी. मग माझ्याकडं बघून जीभ चावली. आम्ही दोघी हसत सुटलो.

घाट चढायची उमेद काही आमच्यात नव्हती. कांदा घेऊन पुण्याकडं निघालेल्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही परत आलो. आबा हमरस्त्यावर येऊन थांबले होते. त्यांनी आईंच्या कोपराकडं बघितलं, मग बांगड्यांकडं, आणि सायकल स्वतः हातात धरून घरापर्यंत आणली.

या वर्षी आमच्या आळीत आणखी दोघीजणी सायकल शिकल्या आहेत. एक माझी चुलत जाऊ, दुसरी शेजारची. आईंनीच शिकवलं त्यांना, कापणी झालेल्या खाचरात. गेल्या रविवारी आम्ही चौघी पवनेच्या धरणापर्यंत जाऊन आलो. चढावर सगळ्यांनी उतरून सायकली ढकलल्या, वरती टपरीवर कांदाभजी खाल्ली, आणि उतारावर आई सगळ्यांच्या पुढं होत्या.