माझी सावली

आमच्या घरी छापून आलेल्या कामगार युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठा झालो. पत्रकाचं पहिलं वाक्य वाचणाऱ्याच्या थोबाडीत बसलं पाहिजे, असं बाबा म्हणत. सदाशिव पेठेतल्या गेम पार्लरमध्ये मारामारीचा व्हिडिओ गेमही मी तसाच खेळायचो. सामना सुरू झाला की धावत जाऊन लाथ. ब्लॉक करत बसणारे मला भित्रे वाटत.

त्या भित्र्यांत पहिला माझा रूममेट. वर्ध्याचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला. तो मला दर रविवारी हरवायचा. मागे सरकून हात वर धरून उभा राहायचा. माझी लाथ फुकट गेली की एकच ठोसा, आणि परत मागे.

त्या पावसाळ्यात त्याच्या टीममधल्या दोघांना बंद खोलीत बसवून त्यांच्याकडून राजीनामे लिहून घेतले गेले. हा त्या खोलीत हजर होता. मी त्या दोघांच्या वतीने कामगार आयुक्तांसाठी तक्रार लिहिली. साक्षीदार म्हणून याची सही नसेल तर त्या कागदाला काहीच किंमत नव्हती. मी त्याच्या मागेच लागलो.

"झालं का भाषण?" तो म्हणाला. "मले गेममंदी हरव, मंग करतो सही."

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा कायची बे? तुले एक मिनिट थांबता येत नाही, अन् मी तुह्या भरवशावर नोकरी घालवू?"

मी रोज दुपारी सराव करायला लागलो. चौथ्या दिवशी पार्लरचे मालक मागे येऊन उभे राहिले.

"आपण खेळायला येता की खिळे ठोकायला? बटणं माझी आहेत. आधी स्वतःला बघा जरा."

तो गेम प्रत्येकाची खेळायची पद्धत टिपून ठेवायचा आणि हुबेहूब तसाच खेळणारा लढवय्या तयार करायचा. पार्लरमध्ये त्याला सावली म्हणत. मालकांनी माझी सावली माझ्यासमोर उभी केली.

पडदे ओढलेले होते. मुलं क्लासला गेलेली. मी रिमोट मांडीवर ठेवून नुसता बघत राहिलो. ती धावत आली. लाथ मारण्याआधी तिने दोन बारीक उड्या घेतल्या. मी असं करतो हे मला माहीतच नव्हतं. मला पाडल्यावर ती माझ्या अंगाशी उभी राहून दोनदा उगाच उठली-बसली. माझ्या अंगठ्याची सवय होती ती, आणि माझा अंगठा तर स्थिर होता. सगळं माझंच होतं, फक्त राग नव्हता.

मग मी तिच्याकडूनच शिकलो. दोन उड्या दिसल्या की मागे. खालची लाथ बसून अडवायची, वरची उभ्याने. तिची लाथ फुकट जाईपर्यंत आपण काही करायचं नाही. तीन आठवड्यांत ती हरू लागली. पण ती माझ्यावरूनच घडत होती, हे मी विसरलो होतो.

एका दुपारी सामना सुरू झाला आणि ती आलीच नाही. पलीकडच्या टोकाला हात वर धरून उभी राहिली. मीही उभा राहिलो. घड्याळ साठवरून शून्यावर आलं. पुन्हा साठ, पुन्हा शून्य. मी उठून जाण्याची ती वाट बघतेय असं वाटायला लागलं. मी रिमोट ठेवला आणि जिन्याकडे निघालो.

"काय," मालक म्हणाले, "आज दोघांतलं कोणीच आलं नाही का?"

रविवारी रूममेट शेजारी बसला.

"आता तू धावत येत नाही ना बे?" त्याने विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"रात्रपाळीवरून आलो का मी सकाळी इथंच येतो. तुह्या सावलीसंग खेळतो. वरीस झालं." तो पडद्याकडेच बघत होता. "आठ दिवस झाले, ते अंगावर येतच नाही बे. नुसतं पाहत राहते. मले झोप नाही लागून राहिली."

मी झोपेत असताना वर्षभर कोणी उशाशी बसून होतं, असं काहीसं मला वाटलं.

एक फेरी त्याची, एक माझी. तिसऱ्या फेरीत आम्ही दोघंही हललो नाही. दहा सेकंद उरले. आणि कधीच पुढे न येणारा तो धावत आला. लाथेआधी त्याने दोन बारीक उड्या घेतल्या. मी मागे सरकलो, लाथ फुकट गेली, मी एक ठोसा दिला. तो पडला.

"मुद्दाम हरलास?"

"तुले सही पायजे का कारण पायजे?"

त्याने अख्खी तक्रार वाचली. पूर्ण नाव लिहून सही केली, खाली कंपनीतला कर्मचारी नंबर घातला. मग माझ्या हातातला रिमोट घेतला आणि माझी सावली लावली. मी कागद गुडघ्यावर धरून शाई वाळायची वाट बघत बसलो. पडद्यावर तो धावत जात होता. सावली अडवत होती, एकच ठोसा देत होती आणि मागे सरकत होती.

"कधी देतो तक्रार?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी."

"दे," तो म्हणाला, आणि पुन्हा धावत गेला.