सावित्रीच्या डोहातले बुडबुडे

"पाणी बाटलं, एवढंच लिहा. खाली तुमची सही. बाकी आम्ही बघतो," गावचे खोत म्हणाले.

मी कागद परत सरकवला. तेव्हा मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. विहिरी तपासायच्या, पटकी आली की पाण्यात औषध टाकायचं, हे काम. मोठा भूकंप नुकताच होऊन गेला होता. पोलादपूरच्या अलीकडच्या या गावात सावित्रीच्या डोहातून तेव्हापासून बुडबुडे येत होते. कुजक्या अंड्यांचा वास, काठाला मेलेले मासे. गावाने कारणही ठरवून टाकलं होतं. महारवाड्यातल्या बायका डोहाच्या वरच्या अंगाच्या घाटावर पाणी भरायला आल्या, म्हणून नदी कोपली! त्यांना नदीच बंद केली होती.

डोहाकडे जाताना महारवाड्यातली सखूबाई दिसली. ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून करवंटीने गढूळ पाणी भरत होती.

"धरनी आमी हलवली का, सायेब?" ती म्हणाली. "आमचीबी भिताडं पडलीत. पोरं हगवनीनं बेजार हायत."

मी डोहावर पोचलो तेव्हा खोत आणि गावकरी जमले होते.

पाण्याने भरलेली बाटली मी डोहात उपडी धरली, तोंडाला नरसाळं लावलं. बुडबुडे आत चढले, पाणी खाली उतरलं. बाटली बाहेर काढून तोंडाशी पेटती काडी नेली. भप्पकन निळी ज्योत उठली. जमलेली माणसं मागे सरली.

याला मार्श गॅस म्हणतात. तळाशी पालापाचोळा कुजून तो तयार होतो आणि गाळात कोंडून राहतो. हादऱ्याने गाळ मोकळा झाला की वर येतो. वास त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या गॅसचा. हे सगळं मी समजावून सांगितलं.

"असेल गॅस," खोत म्हणाले. "पण तो सुटला भूकंपाने. आणि भूकंप कशाने झाला?"

माझं डोकं फिरलं. "भूकंप मुंबईलाही जाणवला, खोतसाहेब. तिथे कोण तुमच्या घाटावर आलं होतं?"

खोत घराकडे वळले. बंदी उठली नाही.

रिपोर्टात मी गॅसचं लिहिलं. शिवाय लिहिलं, की वरच्या घाटाचं पाणी चांगलं आहे, ते सर्वांना भरू द्यावं, नाहीतर रोगराई पसरेल. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तेवढ्याच ओळीवर लाल पेन्सिल फिरवली.

"साहेब, तिथे मुलं आजारी आहेत."

"मग औषध पाठवा. गावाशी वाकडं कशाला? आपलं खातं पाण्याचं आहे, माणसांच्या भांडणाचं नाही."

"पाणी पितात माणसंच ना, साहेब?"

त्यांनी पुढची फाईल उघडली.

पावसाळ्याआधी बुडबुडे थांबले. डोहात पुन्हा मासे आले, गावाची गुरं पाण्यावर जाऊ लागली. सखूबाईच्या घरची माणसं मात्र माझी बदली झाली तेव्हाही वाळूतलंच पाणी पीत होती. तिचा धाकटा नातू त्या हगवणीत गेला. सरकारी नोंदीत त्याच्या मृत्यूचं कारण 'दूषित पाणी' असं लिहिलं गेलं. पाणी दूषित का प्यावं लागलं, याला रकाना नव्हता.

पुढे नोकरीत पाणी बाटल्याची तक्रार आली की पाणी तपासण्याआधी मी एक गोष्ट विचारायचो: तक्रार कुणाविरुद्ध आहे?